श्वास रोखून दिलेलं माप

निरोप समारंभाला काय घालायचं यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालली होती, आणि नवल म्हणजे ज्यांचा निरोप समारंभ होता त्या बाईंच्या कपड्यांचा या धुसफुशीशी काही संबंध नव्हता. बाई शाळेत गणित शिकवत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांच्या चुका तपासून आता त्या निवृत्त होणार होत्या, आणि स्वतः काय घालायचं ते त्यांनी कधीच इस्त्री करून ठेवलं होतं. प्रश्न त्यांच्या यजमानांचा होता.

यजमान मोजणी खात्यात होते. दिवसभर उन्हात उभं राहून लोकांच्या जमिनी मोजायच्या, कुणाचं कुंपण कुणाच्या हद्दीत शिरलंय ते सांगायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. गल्लीत सगळे त्यांना मोजणीदार म्हणत. या भल्या माणसाला गेल्या काही वर्षांत जुन्या पद्धतीच्या कपड्यांचं वेड लागलं होतं. पँट कमरेवर नाही, चांगली बेंबीच्या वर. तिला पुढे चुण्या, पायाशी दुमड आणि पट्ट्याऐवजी खांद्यांवरून गॅलिस. वर वेस्टकोट, त्याचं सगळ्यात खालचं बटण नियमाप्रमाणे उघडं. डोक्यावर हॅट. एवढा सगळा सरंजाम करून ते सकाळी दूध आणायला जात.

वेड म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण माणूस शोभायचा. ऑफिसात रोज कुणीतरी विचारी, "आज नाटक कुठे आहे?" आणि मोजणीदार हॅट किंचित उचलून म्हणत, "इथेच आहे की, तुम्ही सगळे आहातच." एकदा एका हॉटेलात कुणीतरी त्यांच्या वेस्टकोटकडे पाहून त्यांना दोन चहा आणायला सांगितलं. मोजणीदारांनी ते आणून दिले. पुढे बाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "इतकं अदबीने कुणी बोलल्यावर नाही कसं म्हणायचं?"

बाईंना मात्र या प्रकरणाचा वीट आला होता. शाळेच्या मागच्या संमेलनात मोजणीदार पहिल्या रांगेत बसले, बसल्या बसल्या झोपले आणि हॅट नाकावर घेऊन घोरायला लागले. नेमक्या तेव्हा बाई बोलत होत्या. सभागृह हसलं. ते घोरण्याला हसलं की हॅटला, याबद्दल घरात मतभेद होते. बाईंची भाषणं यजमानांनी झोपेतच ऐकायची, हे मात्र ठरूनच गेलं होतं. खुर्चीला पाठ टेकली की त्या बिचाऱ्याचे डोळे मिटत. त्याला ते तरी काय करणार?

शेवटी बाईंनी तोडगा काढला. "नवा सूट शिवायचाय ना, शिवा. तुमच्या त्या जुन्या पद्धतीचाच शिवा. पण समारंभात तुम्हाला बघून एक जरी माणूस हसला ना, तर गॅलिसपासून हॅटपर्यंत सगळं ट्रंकेत जाईल आणि ट्रंक माळ्यावर. कबूल?"

"कबूल," मोजणीदार म्हणाले. त्यांचा आपल्या शिंप्यावर विश्वास होता.

हे टेलरमास्तर जिन्याखालच्या एवढ्याशा दुकानात बसत. आता सगळं जग तयार कपड्यांकडे वळलं असताना कोटाच्या छातीला आतून हाताने टाके घालणारा हा एकच माणूस मोजणीदारांना सापडला होता, आणि अशी पँट शिवून मागणारं एकच गिऱ्हाईक मास्तरांना सापडलं होतं. त्यामुळे दोघांचं चांगलं जमे. मास्तरांनी करड्या रंगाचं गरम कापड काढलं. लांबून साधं दिसणारं, जवळ गेलं की त्यात निळी रेघ उमटणारं. त्यांनी ते मोजणीदारांच्या खांद्यावर टाकलं, त्यांना उंच आरशासमोर उभं केलं, आणि घोटाळ्याला तिथेच सुरुवात झाली.

कारण आरशात मोजणीदारांना एक रुबाबदार गृहस्थ दिसला. त्याची छाती पुढे होती, खांदे मागे होते आणि पोट नव्हतं. ते कुठे गेलं याचा विचार न करता मोजणीदार त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले.

"सैल सोडा साहेब," टेप कमरेभोवती धरून मास्तर म्हणाले.

"सैलच आहे."

मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली. श्वास कधीतरी सोडावाच लागेल, असा त्यांचा अंदाज असावा. मग त्यांनी दुसरा डाव टाकला. "काम काय म्हणतंय? बोला ना जरा, बऱ्याच दिवसांत गप्पा नाहीत."

"बरंय," एवढंच मोजणीदार म्हणाले, तेही श्वास आत ठेवून. दुसऱ्याच्या हद्दीची एक वीत इकडची तिकडे होऊ न देणारा हा माणूस स्वतःच्या पोटाच्या हद्दीबद्दल मात्र साफ खोटं सांगत होता. ट्रायलच्या दिवशीही तेच झालं. कच्च्या दोऱ्याने जोडलेला कोट अंगावर चढला, आरसा समोर आला आणि पोट आपोआप आत गेलं. सूट असा बसला की मास्तरांनाही पुढे काही बोलवेना.

सूट तयार झाला तेव्हा मोजणीदार मोजणीसाठी बाहेर होते, म्हणून तो बाईच घेऊन आल्या. मास्तर काय म्हणाले, असं मोजणीदारांनी उत्सुकतेने विचारलं. "काय म्हणायचं, चांगला झालाय म्हणाले," बाई म्हणाल्या आणि पिशवी कपाटात ठेवून दिली. नवा कपडा प्रसंगालाच अंगावर चढवायचा, हा मोजणीदारांचा नियम होता. त्यामुळे त्यांनी फक्त बाहीवरून हात फिरवला आणि कपाट बंद केलं.

समारंभाच्या दिवशी बाई लवकर शाळेत गेल्या. मोजणीदारांनी घर रिकामं झाल्यावर सावकाश तयारी केली. पँट चढली, गॅलिस बटणांना लागले, वेस्टकोट लागला, कोट आला. आरशात तोच गृहस्थ पुन्हा हजर झाला. मोजणीदारांना अगदी भरून आलं. मग ते बूट घालायला वाकले, वाकताना श्वास सुटला आणि मागच्या बाजूने कुठूनतरी 'कर्र' असा बारीक आवाज आला.

ते जागच्या जागी थांबले. श्वास आत घेतला, आवाज थांबला. श्वास सोडला, आवाज पुन्हा आला. मोजणीचा माणूस, त्याला गणित लगेच उलगडलं. हा सूट त्यांचा नव्हताच. तो आरशातल्या गृहस्थाचा होता.

दुसरं काही घालावं तर घरात नेसत्या लुंगीखेरीज काही नव्हतं. उगाच ऐन वेळी मोह नको म्हणून बाईंनी त्यांचे बाकीचे कपडे आदल्या दिवशीच ट्रंकेत भरून टाकले होते, आणि ट्रंकेची किल्ली बाईंच्या पर्समध्ये होती. मोजणीदारांनी बूट टेबलावर ठेवून नाड्या बांधल्या, उभ्या उभ्या पाय आत सरकवले आणि पोट आत ओढून घर सोडलं.

रस्त्यात वेगळाच चमत्कार झाला. रोज त्यांना बघून मिश्या पुसण्याच्या निमित्ताने तोंड लपवणारा न्हावी दुकानाच्या पायरीवर येऊन गप्प उभा राहिला. औषधवाल्याने, कुठे निघालात, असं विचारलं. उत्तर द्यायला श्वास लागतो, म्हणून मोजणीदारांनी नुसती मान हलवली. औषधवाल्याने हातातली बाटली खाली ठेवून नमस्कार केला. वाकता येत नाही, घाई करता येत नाही, बोलता येत नाही, अशा अवस्थेत माणूस किती भारदस्त दिसतो याची मोजणीदारांना आजवर कल्पना नव्हती.

शाळेच्या सभागृहात पहिल्या रांगेत मधोमध त्यांची खुर्ची होती. मोजणीदार अर्धे खाली गेले. पाठीमागे दोन-चार टाके सुटल्याचं त्यांना ऐकू आलं आणि ते तसेच वर आले.

"बसा ना साहेब," शिपाई म्हणाला.

"उभाच बराय."

मंचावर पाहुणे आले, संस्थेचे चिटणीस बोलायला उठले, तरी मोजणीदार उभेच. मागच्या रांगेतल्या कुणीतरी दिसत नसल्याची कुरकूर केली. तेवढ्यात शेजारच्या कवायतीच्या सरांना साक्षात्कार झाला. बाईंच्या सन्मानार्थ त्यांचे यजमान उभे आहेत आणि आपण खुशाल पाय पसरून बसलोय. ते ताडकन उठून सावधान उभे राहिले. त्यांच्या पलीकडचे चित्रकलेचे सर उठले. मुख्याध्यापिकांनी वळून पाहिलं आणि त्याही उठल्या. पुढची रांग उठली म्हणून मागची उठली, तिच्यामुळे तिच्या मागची. आता अख्खं सभागृह उभं असताना आपणच बसलोय हे मंचावरच्या प्रमुख पाहुण्यांना बरं दिसेना. तेही कोटाचं बटण लावून उभे राहिले.

याचा एक फायदा झाला. चिटणीसांनी खिशातून जाडजूड कागदांची गुंडाळी काढली होती. एवढी माणसं उभी पाहून त्यांनी पहिला कागद वाचला, शेवटचा वाचला आणि बाकीचे परत खिशात घातले. त्यांच्या भाषणाला इतक्या मनापासून टाळ्या पूर्वी कधी पडल्या नव्हत्या.

मग बाई बोलायला उठल्या. सभागृहभर उभ्या माणसांकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग पहिल्या रांगेकडे पाहिलं, आणि चष्मा पुसला.

"मी मुलांना नेहमी सांगत आले, उत्तर चुकलं तरी चालेल, पण पायऱ्या दाखवा," बाई म्हणाल्या. "पायऱ्यांना मी गुण दिले. काही जणांनी वर्षभर नुसत्या पायऱ्याच दाखवल्या. उत्तर अजून यायचंय. त्यांच्यातला एक आज पाहुणा म्हणून माझ्या शेजारी उभा आहे."

सभागृह खो खो हसलं. सगळ्यात जास्त पाहुणेच हसले. मोजणीदारांच्या पोटातही हसू उसळलं आणि त्याला बाहेर यायला वाटच नव्हती. वेस्टकोटचं मधलं बटण सुटलं, ते सरळ मंचावर गेलं आणि पाण्याच्या तांब्यावर टण्णकन आपटलं. कुणाला काही कळलं नाही. बाईंनी टेबलावर घरंगळणारं बटण उचललं, मुठीत धरलं आणि पुढे बोलायला लागल्या.

मोजणीदार ऐकत होते. या कटकटीत झोप यायला काही वावच नव्हता. आपली बायको असं बोलते हे त्यांना माहीतच नव्हतं. इतकं साधं, इतकं नेमकं, कुठेही आवाज न चढवता. एवढ्या वर्षांत आपण काय काय झोपून घालवलं, या विचाराने त्यांना लाज वाटली. त्यांच्या शेजारी कवायतीच्या सरांचे डोळे पाणावले होते.

"माझ्या घरी एक जण आहेत," बाई शेवटी म्हणाल्या. "लोक त्यांना विचारतात, हे असले कपडे कशाला घालता. मीही विचारते, जरा जास्तच विचारते. पण रोज हा माणूस असा तयार होतो, जणू कुणीतरी मोठं माणूस आज घरी येणार आहे. फार उशिरा माझ्या लक्षात आलं, की शाळा सुटल्यावर त्या घरी येणारी तर मीच असते."

मोजणीदारांनी श्वास धरून ठेवायचा प्रयत्न केला. तो धरवला नाही. एक मोठा हुंदका आला आणि मागची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. पण त्याच क्षणी टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की ते फाटणं फक्त त्यांनाच ऐकू आलं.

घरी येताना बाई, ज्या नेहमी चार पावलं पुढे चालत, त्या दिवशी त्यांच्या अगदी पाठीमागून चालत होत्या. मोजणीदारांना वाटलं, भावना अनावर झाल्या असतील.

घरात शिरल्यावर दार लावून त्यांनी कबुली दिली. "अगं, मी काही मानबिन देत नव्हतो. मला बसताच येत नव्हतं."

बाईंनी मूठ उघडून बटण टेबलावर ठेवलं. "माहितीये."

"कसं?"

"मास्तरांनीच सांगितलं, सूट आणायला गेले तेव्हा. म्हणाले, वहिनी, साहेबांनी श्वास रोखून माप दिलंय. शिवणीत कापड ठेवलंय, सोडून देऊ का?"

"मग?"

"मी नको म्हटलं." बाई पर्समधून ट्रंकेची किल्ली काढत होत्या. "घट्ट कपड्यात झोप येत नाही. मला एकदा तरी तुम्ही जागे हवे होतात. तुम्ही आणि तुमच्यामागे सगळी शाळा उभी राहील, हे मात्र माझ्या हिशोबात नव्हतं."

मोजणीदारांनी टेबलावरचं बटण उचलून खिशात टाकलं. मग त्यांनी विचारलं, "माझ्याकडे बघून कुणी हसलं का?"

"कुणी नाही. सगळे दबून होते." बाईंनी ट्रंक उघडली आणि त्यांचे कपडे एकेक करून परत कपाटात लावायला सुरुवात केली. शेवटी त्यांनी हॅट खुंटीवर अडकवली आणि ती सरळ आहे की नाही ते जरा मागे सरून पाहिलं.

"उद्या सूट मास्तरांकडे टाकतो," मोजणीदार म्हणाले. "शिवण घालून होईल आणि सैलही करून देतील."

"शिवण घालून घ्या," बाई म्हणाल्या. "सैल एवढ्यात करू नका. पाहुण्यांनी पुढच्या महिन्यात त्यांच्या संस्थेत मला बोलायला बोलावलंय."

रात्री जेवताना बाई दुसऱ्यांदा वाढायला लागल्या, तेव्हा मोजणीदारांनी ताटावर आडवा हात धरला.