लोकसंख्या एक

तालुका म्हणून टिकायचं असेल तर वस्ती असलेली किमान पन्नास गावं लागतात, असा नियम आहे. या तालुक्यात बरोब्बर पन्नास होती. तालुक्याच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर ते अभिमानाने छापलेलं असे: नदी एक, हंगामी. टेकड्या चार. गावं पन्नास. आणि यादीतल्या शेवटच्या गावापुढे लोकसंख्या छापलेली असे, एक.

ही एक म्हणजे मशीनकाकू.

गाव रिकामं कसं झालं, याची काही मोठी कथा नाही. पूर आला नाही, साथ आली नाही. आधी तरणीताठी माणसं कामाला म्हणून शहरात गेली. त्यांच्यामागे पोरं शाळेला गेली. पोरं सांभाळायला म्हातारी माणसं गेली. सगळ्यांत शेवटी दुकानदार गेला, कारण उधारी बुडवायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. काकूंना मात्र आसपासच्या गावांतून कपडे शिवायला येत. शिवणाचं मशीन आणि त्या, असा दोघींचा संसार बरा चालला होता. नवरा जाऊन वर्षं झाली होती, लेक शहरात नांदत होती.

एक दिवस लेकीचा फोन आला. "आई, मला दिवस गेलेत. येशील ना तू?"

"येशील ना म्हणजे? दाराला कडी घातली की निघालेच."

पण काकू सरळ मार्गाने चालणाऱ्या. गाव सोडायचं तर कचेरीत सांगून सोडावं, म्हणून त्या तालुक्याला मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, आणि उठून आधी खोलीचं दार लावलं.

"काकू, तुम्ही गेलात तर गावात कोण राहील?"

"कोण राहणार? कुलूप."

"कुलपाची नोंद लोकसंख्येत होत नाही." साहेब कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. "तुम्ही गेलात की गाव ओसाड. गाव ओसाड म्हणजे गावं एकोणपन्नास. म्हणजे तालुका बरखास्त. ही कचेरी बंद. माझ्यासकट सगळी माणसं उघड्यावर. त्यांच्या लेकराबाळांचा तरी विचार करा."

"आणि माझ्या लेकराचा?"

"त्या दुसऱ्या जिल्ह्यात येतात," साहेब हळहळून म्हणाले. "आमच्या अखत्यारीबाहेर." मग जरा पुढे झुकून म्हणाले, "तिथे राहायला काही कमी पडतंय का? संकोच करू नका."

काकूंचं डोकं आधीच तापलं होतं. "दिवा नाही, रस्ता नाही, बस नाही, शाळा नाही, दवाखाना नाही. काय आहे ते विचारा, म्हणजे लवकर संपेल!"

काकू बोलल्या ते रागाने. साहेबांनी मात्र ते ग्रामस्थांचं एकमुखी निवेदन म्हणून नोंदवून घेतलं.

गावात शेकड्याने माणसं होती तेव्हा दर निवडणुकीला याच गोष्टींची आश्वासनं मिळत. आता एका माणसासाठी सगळ्या गोष्टी महिन्याभरात हजर झाल्या. काकूंच्या दारापर्यंत डांबरी रस्ता आला आणि तिथेच थांबला. पुढे कुणी राहतच नव्हतं. रस्त्यावरून बस आली. बसमधून गुरुजी उतरले, सिस्टर उतरली, हवालदार उतरले, दिवा लावणारा उतरला, आणि दिवा लागला की नाही हे पाहणारा उतरला. हे सगळे रोज सकाळी त्याच बसने तालुक्याहून येत आणि संध्याकाळी त्याच बसने परत जात. दिवा लागायचा त्याच्या आधीच.

काकू मनात म्हणाल्या, चला, चार माणसं बोलायला तरी आली. लेकीला अजून अवकाश आहे, तोवर कळ काढू.

दुसऱ्याच दिवशी गुरुजी दारात उभे. "काकू, जरा अडचण आहे. पटावर विद्यार्थी नाही."

"मग मी काय करू? या वयात?"

"छे, छे! फक्त नाव. बसायचं वगैरे काही नाही."

काकूंनी भिडेखातर होकार दिला. आठवड्यात तपासणी लागली आणि काकूंना पहिलीच्या वर्गात बसावं लागलं. हजेरी शंभर टक्के म्हणून तपासनीस खूश झाले, आणि त्यांनी रोज अचानक यायचं ठरवलं. काकू रोज सकाळी पाढे म्हणू लागल्या. शिवायला आलेले कपडे मशीनशेजारी साचत चालले.

मग सिस्टर आली. "काकू, दवाखान्यात एकही पेशंट नाही हो."

"चांगलंच आहे की. मला काही झालेलं नाही."

"तेच तर झालंय! पेशंट नाहीत म्हणजे सिस्टर काम करत नाही, असं धरतात. गुडघे तरी दुखत असतील?"

"नाही गं बाई."

"दुखतील. रोज शाळेत मांडी घालून बसताय ना?"

सिस्टरचा हातगुण असा की चार दिवसांत खरंच दुखू लागले. काकू दुपारी दवाखान्यात आणि सकाळी शाळेत असं सुरू झालं. मध्येच बसची एक फेरी करावी लागे, कारण प्रवासी नसला तर बस बंद होणार, आणि बस बंद झाली तर गुरुजी आणि सिस्टर यायचे कसे? काकू तालुक्याच्या स्टँडवर उतरत आणि त्याच बसने परत येत. वाटेत गृहपाठ उरकत.

हवालदार आपले एका कोपऱ्यात गप्प बसलेले असत. एकदा काकूंनीच विचारलं, "काय हो, चेहरा का पडलाय?"

"तुम्ही सगळ्यांचं करता काकू, माझं कुणी बघत नाही." हवालदार टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले. "गावात गुन्हाच नाही. चौकी उठवतील. माझी दोन पोरं शिकतायत."

"मी काय करू?"

"काहीतरी किरकोळ चोरा ना. तुमचंच चोरा, म्हणजे कुणाचं नुकसान नको."

बिचारा रडकुंडीला आला होता. काकूंनी स्वतःची बादली परसातून उचलून ओसरीवर ठेवली आणि हवालदारांनी पंचनामा केला. फिर्यादी काकू, आरोपी काकू, साक्षीदारही काकूच. जामीन मिळाला, पण जामीनदार गावचा रहिवासी हवा होता. तिथेही काकूंनीच अंगठ्याऐवजी सही केली. काकू पहिलीत असल्यामुळे गुरुजींना त्या सहीचं फार कौतुक वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जावयांचा फोन आला. "आई, हॉस्पिटलमध्ये आणलंय तिला. सारखी तुमचं नाव घेतेय. निघा लगेच."

काकूंनी पिशवी उचलली, रात्रंदिवस खपून शिवलेलं झबलं तिच्यात कोंबलं आणि त्या बसकडे धावल्या. हवालदार आडवे आले.

"काकू, कुठे?"

"लेक अडलीय माझी. सरका."

"जामिनावर आहात तुम्ही. तुम्हाला तालुक्याच्या बाहेर पाय टाकता येणार नाही."

"अहो, बादली माझी, चोर मी, घरातल्या घरात!"

"म्हणूनच तर केस मजबूत आहे," हवालदार खाली बघत म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं. पण ड्यूटी म्हणजे ड्यूटी.

संध्याकाळी नात झाल्याचं कळलं. काकूंनी दाराची कडी लावली आणि पदर तोंडात धरून रडल्या. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी गैरहजेरीबद्दल पालकांना बोलावणं धाडलं. पालक म्हणून काकूच गेल्या.

पुढे तारखांवर तारखा पडत गेल्या. एका तारखेला आरोपी हजर होता, पण फिर्यादीची वार्षिक परीक्षा होती. काकूंनी एक झबलं शिवून संपवावं आणि जावयांनी फोनवर सांगावं, "आई, जरा मोठं लागेल आता." त्या पुन्हा उसवत, पुन्हा मोठं करत. हळूहळू लेकीने फोनवर येणंच बंद केलं. "ती झोपलीय," जावई म्हणत. दर वेळी कशी झोपलेली असेल, हे काकूंना कळत होतं.

मग एका सकाळी काकूंच्या मनाने घेतलं. बस आली. गुरुजी, सिस्टर, हवालदार आणि मंडळी उतरली. काकू पिशवी घेऊन चढल्या.

"नेहमीसारखं जाऊन-येऊन ना?" कंडक्टरने विचारलं.

"जाऊन. येऊन नाही."

कंडक्टरच्या हातातलं तिकीट गळून पडलं. सगळे बसपुढे आडवे झाले. गुरुजींनी परीक्षेची शपथ घातली, सिस्टरने गुडघ्यांची, हवालदारांनी कायद्याची. साहेबांना फोन गेला आणि साहेब जीप उडवत आले.

"काकू, असा वेडेपणा करू नका! एका माणसावर पन्नासावं गाव उभं आहे!"

"मग तुम्ही राहा ना इथे!" काकू खिडकीतून कडाडल्या. "एवढी घरं रिकामी पडलीत! मी एकटीनेच का ठेका घेतलाय? राहा की तुम्ही सगळे!"

गुरुजी भाबडेपणाने म्हणाले, "आम्ही राहतोच की इथे."

साहेबांनी वळून पाहिलं. "काय म्हणालात?"

गुरुजींनी जीभ चावली, पण आता उशीर झाला होता. "म्हणजे कागदोपत्री, साहेब. कामाच्या गावी राहतो असं लिहून दिल्याशिवाय घरभाडं मिळत नाही. आम्ही सगळे सहकुटुंब इथेच राहतो. सिस्टर माझ्या शेजारी."

"भिंतीला भिंत," सिस्टर म्हणाली.

साहेब एकेकाकडे बोट दाखवत मोजू लागले. प्रत्येकामागे कागदावरच्या बायका, मुलं, हवालदारांची म्हातारी आई, शिवाय ड्रायव्हर, कंडक्टर. मोजता मोजता त्यांचा चेहरा उजळत गेला. "म्हणजे हे गाव भरलेलं आहे?"

"पहिल्या दिवसापासून, साहेब."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि अत्यंत आपुलकीने काकूंना विचारलं, "मग काकू, तुम्ही एवढे दिवस कशासाठी थांबला होतात?"

काकूंनी खिडकीची काच ओढून घेतली. बादली ओसरीवर सापडल्याची नोंद करून हवालदारांनी केस तिथल्या तिथे मिटवली, आणि बस निघाली.

शहरात लेकीने दार उघडलं. कडेवरच्या पोरीने अनोळखी बाई बघून भोकाड पसरलं. काकूंनी पिशवीतून झबलं काढलं. ते तोकडं झालं होतं. लेक म्हणाली, "सगळ्यांच्या आया आल्या होत्या गं वॉर्डात." एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. काकू चपला न काढता कितीतरी वेळ दारातच उभ्या राहिल्या. तालुक्याच्या कचेरीत याची नोंद करायला रकाना नाही.

इकडे गाव मात्र फार सुधारलं. आता गावात गुन्हा नाही म्हणजे हवालदार दक्ष. पेशंट नाही म्हणजे सिस्टर कर्तबगार. शाळेत पोरगं नाही म्हणजे सगळी पोरं पास होऊन पुढे गेलेली. त्या वर्षी आदर्श गावाचा पुरस्कार त्याच गावाला मिळाला आणि साहेबांना बढती. पुरस्काराबरोबर गावच्या रहिवाशांना सवलती जाहीर झाल्या: करात सूट, मुलांना कॉलेजात राखीव जागा, स्वस्तात प्लॉट.

बातमी पेपरात आली आणि लेकीच्या कॉलनीत खळबळ माजली. पहिले आले कोपऱ्यावरचे डॉक्टर. "काकू, तुमच्या गल्लीत एखादं पडकं घर असेल तर सांगा. राहायचं नाही हो, नुसता पत्ता हवाय." मग इंजिनियर आले. मग भ्रष्टाचारावर व्याख्यानं देणारे प्रोफेसर आले, ते दोन पत्ते मागत होते, मुलीसाठी वेगळा. शेवटी जावईही जरा घुटमळत म्हणाले, "आई, आपलं तर तिथे घरचंच घर आहे."

गावाची लोकसंख्या आता काही हजारांवर गेली आहे म्हणतात. रात्री तिथे दिवा लागतो आणि त्याच्या उजेडात कुणी नसतं.

वाचकांपैकी कुणाला त्या गावाचा पत्ता हवा असेल, तर तो इथे मुद्दाम दिलेला नाही. तुमच्याच कपाटात, महत्त्वाच्या कागदांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून दुसरा किंवा तिसरा, 'इथेच राहतो' असं लिहून दिलेला कागद असेल. तो काढा आणि बघा. सही तुमचीच आहे.