मागच्या तरटावरचे हेडगुरुजी

नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी मी माझ्या वरिष्ठांना वर्गात उभं केलं.

मी फळ्यावर वजाबाकी लिहीत होतो आणि मागून कुजबुज ऐकू आली. नव्या मास्तराला वचक बसवायची फार घाई असते. मी न वळताच ओरडलो, "कोन बोलून राह्यला रे तो? उभा राह्य!" वळून पाहतो तर शेवटच्या तरटावर, दुसरीच्या दोन पोरांच्या मधोमध, धोतर सावरत शाळेचे हेडगुरुजी उभे! एका हातात पाटी, दुसऱ्या हातात पेन्सिलीचा तुकडा.

"मी बोललो, गुरुजी," ते नम्रपणे म्हणाले. "हातचा कुठून आला, ते या पोराले विचारून राह्यलो होतो."

मी घाईघाईने हात जोडले. पोरं मात्र हसली नाहीत. पन्नाशीचा हेडमास्तर पाटी घेऊन आपल्यात येऊन बसतो, यात त्यांना काहीच नवल वाटत नव्हतं. शेजारचा पोरगा तर त्यांची पाटी ओढून त्यांचा हिशेब तपासत होता.

लटारू गुरुजींशी माझी खरी ओळख झाली ती अशी. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. जिल्हा चांदा, गाव धानोऱ्यापासून आठ मैल जंगलात. शाळेला खोल्या दोन, वर्ग चार, मास्तर दोन. पहिली-दुसरी माझी, तिसरी-चौथी त्यांची. मी ब्रह्मपुरीचा, नॉर्मल स्कूलमधून शिक्षकाचं ट्रेनिंग घेऊन ताजा ताजा बाहेर पडलेला. लटारू गुरुजींचं ट्रेनिंग झालेलं नव्हतं. त्यामुळे त्यांना चार गोष्टी आपण शिकवाव्यात, असा माझा मोठा मनसुबा होता.

शाळा सुटली की ते मला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरायला नेत. थोडं चाललं की थांबत आणि म्हणत, "हां मास्तर, एक मोह्याचं, एक निंबाचं." मोह्याचं म्हणजे गोड, निंबाचं म्हणजे कडू. आज वर्गात काय चांगलं झालं आणि काय वाईट, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "अक्षर तुमचं मोत्यावानी हाये, हे मोह्याचं. पन तुमी फळ्यासंगं बोलून राह्यले होते. पोरं मांगं बसतेत जी, फळ्यात नाई बसत."

मी रात्रभर चिडलो. दुसऱ्या दिवशी पोरांकडे तोंड करून शिकवलं. तर म्हणाले, "आज तुमी अकरा वेळा 'समजलं का' म्हनाले. पोरं अकरा वेळा 'हो' म्हनाले. समजलं कोनालेच नाई. मलेबी नाई."

हे त्यांनी माझ्यापुरतं ठेवलं असतं तर चाललं असतं. पण सवय ती सवय. फॉरेस्ट गार्ड नवा गणवेश घालून आला, तर त्यालाही एक मोह्याचं आणि एक निंबाचं मिळे. लग्नाच्या पंगतीत वाढप्याला मिळे. घरी त्यांनी बायकोच्या वांग्याच्या भाजीला एकदा निंबाचं दिलं. बाईंनी शांतपणे पळी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "उद्यापासून तुमीच रांधा." त्यानंतर घरात वर्षभर मोह्याचंच चाललं होतं म्हणे.

कहर झाला तो मंडईत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते आणि मंडईला नाटक हवंच. वडशाकडून कंपनी आली होती. तिसऱ्या अंकात राजा लढाईत पडला. पडला म्हणजे चांगला पाव तास पडत होता. पडदा पडल्याबरोबर लटारू गुरुजी उठले आणि थेट रंगपटात. मी त्यांना आवरायला मागोमाग धावलो. राजा मुकुट मांडीवर ठेवून बिडी पेटवत होता.

"राजेसाहेब, तलवार लगित चांगली फिरवली," गुरुजी म्हणाले. "पन मरताना तुमी पब्लिककडं पाहून राह्यले. मरनारा मानूस टाळ्या मोजत नाई जी."

राजाने आपल्या सात पिढ्यांना शोभेल अशी एक शिवी हासडली. गुरुजींनी ती ऐकून घेतली आणि परत येताना मला म्हणाले, "शिवी एकदम सुद्ध होती. कुठीच अडकला नाई." पुढच्या मुक्कामी तो राजा चटकन मेला आणि टाळ्या जास्त पडल्या, असं मागाहून ऐकलं. खरंखोटं त्या राजालाच ठाऊक.

हा खेळ एकतर्फी नव्हता. रोज अर्धा तास माझ्या पोरांना कित्ता गिरवायला लावून मला त्यांच्या वर्गात बसावं लागे. मग पाळीवर ते थांबत, आणि आता बोलायची पाळी माझी. मी सांगे, "गोष्ट फार छान सांगितली गुरुजी." ते मान डोलावत. मग वाट पाहत. "आन् निंबाचं?"

"निंबाचं काईच नाई गुरुजी."

त्यांचा चेहरा उतरे. मी समजे, म्हातारा विनयशील आहे, स्तुतीने संकोचला.

खरं सांगायचं तर निंबाचं होतं आणि ते मला पहिल्याच आठवड्यात दिसलं होतं. लटारू गुरुजी प्रश्न उत्तम विचारत, पण उत्तरासाठी त्यांच्याने थांबवत नसे. एखादं पोर उभं राहून बावरलं, त्याचा ओठ थरथरला की ह्यांचाच जीव खालीवर होई आणि ते स्वतःच उत्तर देऊन टाकत. वर "शाब्बास, बस" म्हणत. चौथीपर्यंत पोचलेल्या काही पोरांनी आयुष्यात एकही उत्तर दिलेलं नव्हतं आणि तरी शाब्बासक्या ढीगभर मिळवल्या होत्या. पण हे सांगायचं कुणी? माझ्या कामाचा शेरा त्यांच्या हातात होता. वरिष्ठाला कडू सांगू नये, हे नॉर्मल स्कूलमध्ये न शिकवताही मला येत होतं.

होळीच्या सुमाराला ऑफिसचा कागद आला. ट्रेनिंग न झालेल्या हेडमास्तरांचा एक पाठ शाळा तपासणारे डिप्टी साहेब स्वतः पाहणार. पाठ पसंत पडला तर ठीक, नाहीतर हेडमास्तरकी शाळेतल्या ट्रेन्ड मास्तराकडे जाणार. आमच्या शाळेतला ट्रेन्ड मास्तर कोण, हे सांगायला नको.

गुरुजींनी कागद मला वाचायला दिला आणि म्हणाले, "आठ दिवस हायेत, मास्तर. रोज माह्या वर्गात बसा. मले सांगा."

मी रोज बसलो. रोज तेच दिसत होतं. रोज पाळीवर ते "आन् निंबाचं?" म्हणून माझ्या तोंडाकडे पाहत, आणि मी "काई नाई" म्हणत होतो. आता त्यात भीती नव्हती. आता त्यात हेडमास्तरकी होती. ब्रह्मपुरीला घरी पत्र कसं लिहायचं, त्याचा मायनासुद्धा मी मनात जुळवला होता. मला माझा राग येई, पण तोंड उघडत नसे.

पाठाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं. मी नेहमीप्रमाणे "काई नाई" म्हणालो. ते "बरं" म्हणून पुढे चालू लागले. त्या "बरं"मध्ये इतकी निराशा होती की माझ्याने राहवलं नाही. मी मागून ओरडलोच.

"गुरुजी, तुमी पोराईले उत्तर देऊच देत नाई! पोरगं घाबरलं की तुमीच सांगून टाकता. त्याईले थोडं राहू द्या ना उभं!"

गुरुजी थांबले. वळले नाहीत. एकदा पाण्याकडे बघून ते भराभरा घराकडे निघून गेले. मी मनात म्हटलं, झालं. हेडमास्तरकीही गेली आणि शेराही गेला.

सकाळी रेंगीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, डिप्टी साहेब उतरले. पाठ होता पाण्याच्या वाफेचा. साहेब खुर्चीवर, मी मागच्या तरटावर. गुरुजींनी मैनाला उठवलं. मैना म्हणजे वर्गातली सगळ्यात मुकी पोर. गावाबाहेरच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, घरी गोंडी बोलणारी, शाळेत दोन वर्षं नुसती ऐकणारी.

"मैना, तुही माय ओलं लुगडं वाळू घालते. लुगडं वाळते. मंग त्यातलं पानी कुठी जाते?"

मैना खाली मान घालून गप्प. गुरुजींचे ओठ हलले. त्यांनी खडू मुठीत घट्ट धरला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मैनाने परकराचं टोक पिळायला सुरुवात केली, तसे गुरुजी छपराकडे बघू लागले. खडूचा मुठीतच चुरा झाला आणि पांढरी पूड धोतरावर पडली. त्या वेळी मला हेडमास्तरकी नको होती, फक्त त्या पोरीचं तोंड उघडायला हवं होतं.

"वर जाते जी," मैना पुटपुटली. मग जरा मोठ्याने म्हणाली, "वर जाते, आन् पानकाळ्यात वापस येते."

साहेब खुर्चीत पुढे सरकले. गुरुजी "शाब्बास" म्हणायचंच विसरले. तोंड उघडं टाकून ते त्या पोरीकडे बघत राहिले. जाताना साहेबांनी शेरापुस्तकात लिहिलं, की हेडमास्तर मुलांना विचार करायला वेळ देतात, हा गुण घेण्याजोगा आहे.

साहेबांची रेंगी दिसेनाशी झाल्यावर मी म्हणालो, "गुरुजी, काल जास्तच बोललो. राग आला असंल."

"राग?" ते पायरीवर बसले. धोतरावरची खडूची पूड झटकत राहिले. "मास्तर, इथी याच्या आंधी मी एकोनीस वर्सं एकट्यानं शाळा चालवली. इथून आनखी आतमंदी. मास्तर मी एकटाच. साहेब लोक येत, रजिस्टर पाहत, जात. मी चांगलं शिकवतो का वाईट, हे एकोनीस वर्सांत मले कोनी सांगतलं नाई. घरी जावाचं, भिंतीकडं पाहाचं. काल पह्यल्यांदा कोनी तरी मले शिकवताना पाह्यलं जी. घरी जाऊन मी लगित रडलो. बाई म्हने, का झालं? म्हटलं, मास्तरानं निंबाचं देल्लं."

मी पायरीजवळ सरकलो.

"तुमाले वाटत असंल, मी तुमाले सुधारासाठी तुमच्या वर्गात येऊन बसतो," ते खाली बघत म्हणाले. "तसं नाई. मी बसलो तं तुमाले बी माह्या वर्गात येऊन बसा लागंल, म्हनून बसत होतो."

मला माझी इतकी लाज वाटली की मी त्यांच्या पायरीवर न बसता एक पायरी खाली बसलो. सात-आठ महिने हा माणूस माझ्याकडे एकच गोष्ट मागत होता, आणि ती द्यायला मला काहीसुद्धा खर्च नव्हता.

"उद्या कोनत्या तासाले बसू, गुरुजी?" मी विचारलं.

त्यांनी चटकन मान वर केली. "चौथीच्या भूगोलाले या," ते म्हणाले. "भूगोल माहा लगित कच्चा हाये."