प्रत्यक्ष सामना पाहण्याबाबत

मी, जोतिबा, राहणार खासबाग, बेळगाव, चार यंत्रमागांचा मालक, याने वयाच्या बावन्नाव्या वर्षी परदेशात जाऊन फुटबॉलचे तीन सामने प्रत्यक्ष पाहण्याचे ठरवले. तोवर पंचवीस वर्षे मी फुटबॉल फक्त टीव्हीवर पाहिला होता. तरीही खेळाडूंना शिव्या देण्याचा माझा अधिकार गल्लीत सर्वमान्य होता.

दौऱ्याची आखणी मी शास्त्रशुद्ध केली. आधी सामने ठरवले आणि मधल्या रिकाम्या दिवसांत तो देश बसवला. राजवाडा दीड तासात उरकायचा होता, संग्रहालयाला बाहेरूनच नमस्कार. एवढ्यात माझी मुलगी रक्षा मध्ये आली. ती कॉलेजच्या संघाची गोलकीपर.

"पप्पा, तुमच्या दुसऱ्या मॅचच्या दिवशीच आमची फायनल हाय. हितंच, घरामागच्या ग्राउंडवर."

"अगं, आपल्या हितली मॅच काय, कवाबी बघता येती," मी म्हणालो. "तुला येताना हातमोजे आणतो."

तिचा एकही सामना मी पाहिलेला नव्हता, कारण त्याच वेळी टीव्हीवर सामना असे.

आमच्या भागात माणूस परदेशी जातो तो विमानाने नव्हे, सत्काराने. व्हिसाचा अर्ज गेला त्याच दिवशी युवक मंडळाचा अध्यक्ष किशन याने ठराव मांडला आणि चौकात माझा फलक लागला. त्यात मी विमानाच्या पंखावर उभा होतो आणि खाली शुभेच्छुकांचे बत्तीस फोटो होते. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं रीतसर झालं. किशन दरवर्षी कडोलीच्या साहित्य संमेलनाला जातो, त्यामुळे त्याचं भाषण तासभर चाललं.

"अण्णा नुसतं मॅच बघाय चाललेलं न्हाईत," तो म्हणाला. "सगळ्या खासबागचे डोळे घिऊन चाललेत."

मी डोळे पुसले. मला ते खरंच वाटलं.

चौथ्या दिवशी वकिलातीचं पत्र आलं. देशाचं नाव घेत नाही, संबंध आधीच ताणलेले आहेत. अर्जदार मायदेशी परत येईल याची खात्री वाटत नाही, सबब व्हिसा नाकारण्यात येत आहे. हसावं की रडावं कळेना. आम्ही सीमाभागातली माणसं. महाराष्ट्रात जायचं म्हणून सत्तर वर्षं ठराव करतोय आणि अजून उंबऱ्याबाहेर पाऊल पडलेलं नाही. आणि म्हणे मी तिकडे जाऊन कायमचा राहीन.

रक्षाने पत्राचा अर्थ आईला सांगितला. अंजनीने पदराला हात पुसले.

"फेटा बांधून घेतलासा न्हवं?"

"घेतला."

"चौकात फलक लागलाय?"

"लागलाय."

"मग जायाच पायजे."

"कुठं?"

"माळ्यावर."

गल्लीला तसदी नको म्हणून पहाटेच निघत असल्याचं मी मंडळाला कळवलं, आणि सामानासह माळ्यावर चढलो. अकरा दिवसांचा दौरा सुरू झाला. खाली माग चालू असल्यामुळे माझी शिंक बाहेर जात नसे. किशन फोनवरून फोटो मागायचा, मी पोट बिघडल्याचं कळवायचो. दुसऱ्या दिवशी मी तिकडच्या वेळेप्रमाणे जेवण मागितलं, तेव्हा अंजनीने शिडी काढून नेली.

सहाव्या दिवशी दुपारी मागच्या मैदानावर शिट्टी वाजली. माळ्याच्या झरोक्यापुढे वर्षानुवर्षं सुताची पोती रचलेली होती. ती सरकवली, तर सगळं मैदान समोर. प्रेक्षक मोजून चौदा, त्यात अंजनी एक. नव्वद मिनिटं मी गुडघ्यांवर बसून होतो. बरोबरी झाली आणि पेनल्टीची वेळ आली. शेवटच्या चेंडूवर रक्षाने उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू छातीशी धरून तांबड्या मातीत पडली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि सत्काराच्या शालीचा बोळा तोंडात कोंबला. आयुष्यात पहिला सामना प्रत्यक्ष पाहिला. फार अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

ती घरी आली आणि शिडी लावून वर चढली. कोपर फुटलं होतं.

"जिंकलो," ती म्हणाली.

"ठाव हाय."

"टीव्हीवर नव्हती ती, पप्पा."

"न्हवती," मी म्हणालो.

अकराव्या दिवशी मी परतलो आणि दुसरा सत्कार झाला. विषय होता 'प्रत्यक्ष सामना पाहण्याचा आनंद'. सभागृहात दोनशे माणसं होती. माझ्याकडे सांगण्यासारखा सामना एकच होता, तोच सांगितला. बरोबरी सांगितली, पेनल्टी सांगितली, त्या पोरीची झेप हात पसरून दाखवली. बोलण्याच्या भरात तांबडी माती तोंडून गेली. परदेशात, तांबडी माती! कोणी हूं की चूं केलं नाही. आता कोणीतरी उठेल आणि म्हणेल, हे तर आपलं मैदान, ही तर तुमची रक्षा, अशी आधी मला धास्ती होती. मग मी त्याचीच वाट पाहू लागलो. टाळ्याच पडल्या. शेवटच्या रांगेत रक्षा कोपरावरची पट्टी सारखी करत बसली होती.

आभार मानायला किशन उठला. "असली पोरगी आपल्या बेळगावात कवा तयार हुयाची, अण्णा?"

सभागृह हळहळलं. मीही हळहळलो. पुढच्या वर्षी मंडळाच्या पाच पदाधिकाऱ्यांना अभ्यासासाठी परदेशी पाठवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

वाचकहो, तुम्हाला सगळं आधीच ठाऊक होतं, म्हणून तुम्ही आमच्यावर हसत असाल. हसा. पण त्या दुपारी मी झरोक्यातून मैदानावरचं एकेक तोंड नीट न्याहाळलं होतं. तुम्ही त्यात नव्हता.