सत्तावीस हिरालाल

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला यायला डोंगरवार गुरुजींची एकच अट होती. "मेळाव्याले येतो, पण सातवीची हजेरी मीच घेईन. अखीन एकबार." गुरुजी ब्याऐंशीचे; पुन्हा योग येईल न येईल. म्हणून यादी बिनचूक हवी, असं सगळ्यांनी हिरालाल कापगतेला बजावलं. त्याचं कुडवा गावात झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे वर्गातला कॉम्प्युटरतज्ज्ञ तोच.

त्याने नोंदणीचं पान बनवलं. नाव टाइप करायची कटकट नको म्हणून 'ईमेल खात्यातून आत या' एवढं एकच बटण ठेवलं. एकेक वर्गमित्र दुकानात यायचा, बटण दाबायचा, शाळेच्या गोष्टी काढत चहा प्यायचा आणि जायचा.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्याच्या मुलीने, नूतनने, यादी उघडली.

"बाबा, सत्ताविसही जागी तुमचंच नाव काऊन आहे?"

"मी तं हरबार लॉगआउट करत होतो वं!"

"पानावरून. ईमेल तं तुमचा उघडाच राहिला. ज्यानं बटण दाबलं तो हिरालाल!"

"मंग आता?"

"कुकीज पुसून पाहू. आत कोण आहे ते कॉम्प्युटर त्याच्यातच लिहून ठेवते."

हिरालालने हौसेने सगळ्याच पुसल्या. त्यासरशी तोही खात्याबाहेर पडला आणि यादी दुरुस्त करता येईना. पासवर्ड आठवेना, कारण चार वर्षं कॉम्प्युटरच त्याला आत घेत होता. ओटीपी गेला बंद पडलेल्या नंबरावर. आगीतून फुफाट्यात! संध्याकाळी ठरल्याप्रमाणे पानाने यादी गुरुजींच्या मुलाला आपोआप धाडली, आणि गुरुजींना फोन करायची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पन्नाशीतली पोरं जुन्या वर्गात बाकांवर गुडघे दुमडून बसली. हिरालाल मात्र बाहेर स्वयंपाकाच्या जागी, भाताच्या मोठ्या पातेल्याआड लपलेला. गुरुजींनी चष्मा चढवला.

"हिरालाल कापगते."

मंजू उठली. "हजर, गुरुजी."

"हिरालाल कापगते."

"हजर, गुरुजी!" हा देवचंद, आता गावचा सरपंच.

गुरुजी एकदाही अडखळले नाहीत. माणसं हसून हसून रडत होती, आणि ते सगळंच रडू हसण्याचं नव्हतं. सत्ताविसाव्या वेळी मात्र उत्तर द्यायला कुणी उरलं नाही.

गुरुजींनी चष्मा काढला. "पोट्टेहो, तुमी तलावात पोहाले पळत होते, तवा आवाज बदलवून सगळ्यायची हजेरी कोन देत होता, मले मालूम नव्हतं का? कुठी आहे तो? लावू गैरहजर?"

हिरालाल दारात आला, हात भाताने माखलेले. उत्तर द्यायला त्याने हात वर केला.

पण त्याच्याआधीच सव्वीस जण एकदम ओरडले, "हजर, गुरुजी!"