आहेरातला मदरबोर्ड

स्वरदाला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला आणि तिला गेम खेळण्याजोगा दणकट कॉम्प्युटर हवा आहे, ही बातमी नातेवाइकांत पोचली तेव्हा तिच्या आईला, म्हणजे कौमुदीला, मागचे आहेर आठवले. तात्यापारा मोहल्ल्यातल्या या घराची वास्तुशांत झाली तेव्हा आहेरात भिंतींपेक्षा घड्याळं जास्त आली होती. पुन्हा ती पाळी नको म्हणून या वेळी तिने आधीच वाटणी करून टाकली. मदरबोर्ड इरावतीआत्याने द्यायचा, मेमरी यशदीपमामाने आणि ऑपरेटिंग सिस्टम शंकरकाकांनी. बाकीचं सगळं बाबा घेणार होते. आता घोळ व्हायला जागाच उरली नाही, असं तिला वाटलं.

स्वरदाला घाई होती. रविवारी दुपारी तिच्या चौघींच्या टीमचा ऑनलाइन सामना होता. जुन्या लॅपटॉपवर तिचा खेळाडू ऐन गोळीबारात खांबासारखा उभा राहायचा आणि पुन्हा हलायला लागायच्या आत मारला जायचा. टीमची कॅप्टन मीरा स्वभावाने गरीब, पण तिनेही शेवटी सांगून टाकलं होतं की रविवारी असं झालं तर तुझ्या जागी दुसरी बघावी लागेल. तेव्हापासून पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं.

तिचे बाबा भार्गव रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. कुठलीही वस्तू आतून कशी आहे हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. प्रोसेसर घ्यायला ते सदर बाजारातल्या चिरागच्या दुकानात गेले आणि तिथेच रमले. वीज गेली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं हे ऐकून तर ते थक्कच झाले. मग तिले मेमरी काहून म्हणता, असं त्यांनी विचारलं. चिरागचा चहा गार झाला. “भैया, आज तक किसी ने पूछा ही नहीं,” तो म्हणाला.

एवढा चौकस माणूस, पण एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. बहिणीने कुठला बोर्ड घेतला आणि मेव्हण्याने कुठली मेमरी, हा तो प्रश्न. आहेरात काय आणताय असं विचारायचं नसतं. विचारलं तर समोरच्याला वाटतं, हे लोक आपला आहेर तोलून बघताहेत. दोघांनीही खरेदी चिरागकडेच केली होती, पण वेगवेगळ्या दिवशी आणि भेट आहे, कोणाला बोलू नको, असं बजावून. शंकरकाकांनी तर आपली वस्तू रविवारी स्वतः घेऊन येतो म्हणून कळवलं होतं.

गुरुवारी दोन्ही डबे घरी आले. आत्याचा बोर्ड देखणा होता. मामाच्या मेमरीला जांभळे दिवे होते. स्वरदाने मेमरीची पट्टी खाचेत ठेवली, दाबली, उलटी करून दाबली आणि मग तिचा चेहरा उतरला. बोर्ड नव्या जातीच्या मेमरीचा होता आणि मामाने आणलेली मेमरी त्याच्या आधीच्या जातीची. दोन्ही वस्तू अस्सल, पण एकीची खाच इकडे आणि दुसरीची तिकडे. चिरागला फोन केला तर तो म्हणाला, प्रोसेसर दोन्ही जातींना चालतो, दोघांतलं काहीही एक आणा, बदलून देतो.

पण एक म्हणजे कुठलं? मेमरी बदलली तर कौमुदीच्या भावाचा आहेर परत गेला असं होणार आणि बोर्ड बदलला तर भार्गवच्या बहिणीचा. बघू, असं दोघंही म्हणाले आणि तांदूळ निवडायला व पेपर वाचायला निघून गेले. स्वरदाने हे दोघं कशाची वाट बघताहेत ते ओळखायचा प्रयत्न केला, पण तिला काही कळेना.

शुक्रवारी सकाळी कौमुदी पिशवी घेऊन गुपचूप चिरागकडे गेली. नणंदेच्या आहेराला हात लावायची तिची छाती नव्हती. भाऊ काय, आपलाच, त्याची समजूत घालता येईल. तिने मामाची मेमरी परत केली आणि नव्या जातीची घेतली. संध्याकाळी भार्गव दुसरी पिशवी घेऊन गेले. मेव्हण्याचा आहेर परत करणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. बहीण काय, आपलीच, रागावली तरी राखीला येईलच. त्यांनी आत्याचा बोर्ड देऊन जुन्या जातीचा घेतला. त्या वेळी चिराग जेवायला गेला होता आणि दुकानात त्याची बहीण निधी होती. तिला सकाळचं काही माहीत नव्हतं.

शनिवारी स्वरदा पुन्हा जुळवायला बसली. आईबाबा दोघंही शेजारी येऊन बसले. दोघांच्याही तोंडावर मोठं काम उरकल्याचं समाधान होतं. स्वरदाने पट्टी ठेवली, दाबली, उलटी करून दाबली.

“आई, हे आताही नाही बसून राहिलं,” ती म्हणाली. “पण परवासारखं नाही. आज उलट्या बाजूनं नाही बसून राहिलं.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाच वेळी बोलायला लागले, एकाच वेळी थांबले, आणि काय झालं ते तिघांनाही समजलं. स्वरदाला आधी रडूच आलं. उद्या सामना आणि कॉम्प्युटर जिथल्या तिथे. मग आईने बाबांच्या बहिणीसाठी आणि बाबांनी आईच्या भावासाठी केलेली ही चोरटी धावपळ डोळ्यांसमोर आली आणि तिला त्या दोघांची इतकी माया वाटली की ती रडता रडता हसायला लागली.

तिने फोन उचलला. कौमुदी नको नको म्हणत राहिली, पण पोरीने मामाला लावलाच. मामा सिलतऱ्याच्या स्टील प्लांटमध्ये ड्यूटीवर होता आणि मागे यंत्रं घरघरत होती.

“मामा, मेमरी कोणती ते तुम्ही पाहून घेतली होती काय?”

“मले काय समजते, पोट्टी? जे जास्त चमकते ते दे म्हटलं त्याले. बदलायची असन तर बदल नं. तुह्या आत्याले फक्त सांगू नको, नाहीतर म्हणन मामाले अक्कल नाही.”

आत्याने त्याहून सोपं सांगितलं. तिने दुकानातला सगळ्यात मोठा डबा उचलला होता, आहेर लहान दिसू नये म्हणून. बदला म्हणाली खुशाल, पण मामाच्या कानावर जाऊ देऊ नका. स्वरदाने दोघांनाही वचन दिलं, चिरागकडून मामाची जांभळी मेमरी परत आणली आणि ती बाबांनी आणलेल्या बोर्डात टच्चकन बसली.

रविवारी सकाळी शंकरकाका रिक्षातून उतरले ते दोन्ही हातांत मावणार नाही असा डबा घेऊन. सोनेरी कागद, वर लाल फीत. ऑपरेटिंग सिस्टम एवढी मोठी असते हे कोणालाच माहीत नव्हतं. भार्गवचा जीव तर नुसता वरखाली होत होता, पण विचारायचं कसं? आधी कॉम्प्युटरला कुंकू लावलं, नारळ फोडला. स्वरदाने बटण दाबलं. पंखे फिरले, जांभळे दिवे लागले आणि पडद्यावर अक्षरं आली की ऑपरेटिंग सिस्टम सापडत नाही.

सगळ्यांच्या नजरा डब्याकडे वळल्या. स्वरदाने फीत सोडली, कागद काढला. आत भिंतीवरचं घड्याळ होतं. लंबकाचं.

“ते तुमचं सिस्टम मागाले गेलो होतो मी,” काका खालच्या आवाजात म्हणाले. “दुकानवाला म्हणे, बाबूजी, इसमें देने का कुछ नहीं, नंबर आता है मोबाइल पे. आता पोरीच्या घरी रिकाम्या हातानं येऊ काय?”

त्यांचा चेहरा इतका कावराबावरा झाला होता की कोणाला हसवेना. भार्गवनी मुकाट्याने मोबाइलवरून तो नंबर विकत घेतला. स्वरदाने जुन्या लॅपटॉपवरून पेन ड्राइव्ह तयार करून नव्याला लावला. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरू लागले आणि सगळं घर खुर्च्या ओढून ते बघत बसलं. फक्त काका स्टुलावर चढून समोरच्या भिंतीत खिळा ठोकत होते, कारण सामन्याला किती अवकाश आहे ते समजायला हवं ना.

सामना सुरू झाला तेव्हा काकांचं घड्याळ अगदी बरोबर चालत होतं. स्वरदाचा खेळाडू धावला, वळला, उडी मारून भिंतीपलीकडे गेला आणि कुठेही खांब झाला नाही. हेडफोनमधून मीरा काय ओरडली ते इतरांना ऐकू आलं नाही, पण पोरीच्या चेहऱ्यावरून कळलं. कौमुदीने डोळे पुसले.

तेवढ्यात ओसरीवरून काकांचा आवाज आला. ते फोनवर आत्याला सांगत होते, “हव, झालं चालू. पंखे फिरून राहिले होते, दिवे जळून राहिले होते, पण चालून नव्हतं राहिलं. माझा आहेर आला अन् मग चाललं.”

भार्गव ताडकन उठले. “काहून? तुमच्या त्या घड्याळानं...”

कौमुदीने त्यांचा हात धरून खाली बसवलं. आहेराबद्दल विचारायचं नसतं.