‘वळण’ची प्रमाण प्रत

रविवारी दुपारी चार वाजता ‘वळण’ हे गाणे सुरू झाले. ते अद्याप संपलेले नाही.

एखादे गाणे एकदा ऐकून आवडले तर तो छंद होय. तेच गाणे एकशे बारा कार्यक्रमांतून ऐकूनही त्यातले नेमके कोणते आवडले हे ठरत नसेल, तर ती संस्था होय. तौलनिक श्रवण मंडळ ही अशीच एक संस्था आहे. तिचे कार्यालय चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत असून दुकान आणि खोली दोन्ही चष्मेवाल्याची आहेत. (फ्रेमांच्या खणांत ध्वनिमुद्रणे ठेवली आहेत. फ्रेमा पोत्यात आहेत. गिऱ्हाईक पोत्यात हात घालते आणि हाताला लागेल ते नाकावर चढवते. लेखी तक्रार अजून आलेली नाही.)

मंडळ ज्या बँडला वाहिलेले आहे, त्यात चौघे वादक आहेत. ‘वळण’ला शब्द दोनच ओळींचे. त्या ओळी संपल्या की चौघे वाजवत सुटतात, आणि कुठे थांबायचे हे चौघांपैकी एकालाही ठाऊक नसते. रसिक याला मोकळेपणा म्हणतात. (रस्त्याच्या खोदकामात हेच घडले तर त्याला दुसरा शब्द आहे.) साहजिकच दर वेळी गाणे वेगळे होते, आणि वेगळे झाले की ते रेकॉर्ड करणे भाग पडते. रेकॉर्ड करणाऱ्याने टाळी वाजवायची नाही, गुणगुणायचे नाही, खोकायचे नाही, मानही डोलवायची नाही. नजर यंत्राच्या काट्यावर ठेवायची. गाणे ऐकणे हे त्याचे तिथले काम नव्हे. ते घरी गेल्यावर.

तुलनेची पद्धत ही चष्मेवाल्याची देणगी. डोळे तपासताना तो भिंगे बदलत विचारतो, “हे बरं की ते बरं?” मंडळात हाच प्रश्न कानांना विचारतात. अर्धे मिनिट एक प्रत ऐकायची, थांबवायची. अर्धे मिनिट दुसरी ऐकायची, थांबवायची. दोन्ही मागे न्यायच्या. या रीतीने मंडळाने आठ वर्षांत गाण्याच्या अठराव्या मिनिटापर्यंत मजल मारली. एकोणिसाव्या मिनिटाला घोडे अडले.

चष्मेवाल्याच्या एका प्रतीत त्या जागी एक बाई स्पष्ट म्हणते, “अहो, चला ना आता. पाय भरून आले.” पाठोपाठ एक पुरुष म्हणतो, “श्श!” बाई म्हणजे चष्मेवाल्याची बायको. ती शाळेत शिकवते, म्हणजे दिवसभर उभी असते. त्या दिवशी तिला माइकची काठी धरायला नेले होते. तिचे वाक्य संपते, ड्रमवाला दोन ठोके देतो, बाकीचे तिघे गोळा होतात आणि गाणे असे काही संपते, की तसे ते आधी कधी संपले नव्हते. ऐकताना सर्व सदस्यांच्या डोळ्यांत पाणी आले. (अपवाद दंतवैद्य. त्याची प्रत त्याच कार्यक्रमाची, पण सभागृहाच्या डाव्या बाजूने घेतलेली. तीत हे वाक्य नाही. एक शिंक आहे, तीही त्याचीच.)

आपली प्रत ‘प्रमाण प्रत’ ठरवावी, असा अर्ज चष्मेवाल्याने केला. प्रमाण प्रत म्हणजे जिच्यापुढे बाकीच्या साऱ्या प्रती कायमच्या दुसऱ्या. चष्मेवाला जन्मात कशात पहिला आला नव्हता, भावंडांतही मधला. त्यामुळे त्याचा जीव त्या प्रतीत अडकला होता.

“बायकोची कुरकुर म्हणजे संगीत का हो?” दंतवैद्य म्हणाला. “मग आमच्या घरी रोजच कार्यक्रम.”

“पण तो संपतो का?” चष्मेवाल्याने विचारले.

दंतवैद्याने हा मुद्दा सोडला.

अध्यक्ष जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी निकाल दिला, “एका खुणेवर हद्द धरत नाहीत. दुसरी खूण दाखवा.” म्हणजे त्याच बाईने त्याच गाण्यात तेच वाक्य पुन्हा म्हणायला हवे, आणि तेही आपणहून. पढवून म्हणवले तर प्रत भेसळीची.

दरम्यान त्या प्रतीच्या नकला गावोगाव गेल्या, आणि एक बँडच्याही हाती पडली. आपले गाणे कसे संपवायचे हे चौघांना प्रथमच कळले. तेव्हापासून ते एकोणिसाव्या मिनिटाला वाक्याची वाट पाहू लागले. परगावी कोणाची तरी बायको ते म्हणून टाकी आणि बँड नाइलाजाने आवरते घेई. (जाणकारांच्या मते सूर चढा लागे.) हे सारे जिच्यामुळे घडत होते तिला यातले अक्षरही ठाऊक नव्हते, आणि नियमाप्रमाणे सांगायचेही नव्हते.

बँड पुन्हा गावात येणार म्हटल्यावर चष्मेवाल्याने विषय काढला.

“मी नाही बाई येत,” बायको म्हणाली. “मागच्या वेळी तीन दिवस टाचा शेकत बसले होते. तुम्ही आणि तुमचा तो काटा, जा दोघं.”

चष्मेवाल्याने विचार केला आणि चार दुकाने पालथी घालून तिच्यासाठी गुबगुबीत तळव्यांचे बूट आणले. मंडळाने या मुत्सद्देगिरीबद्दल त्याच्या अभिनंदनाचा ठराव केला. (बेतात तर्काची एक बारीक चूक होती. ती अकराही सदस्यांच्या लक्षात आली नाही. ही माणसे सूक्ष्म फरक ओळखण्यात वाकबगार आहेत.)

बायकोने बूट घालून घरभर चक्कर मारली. “न सांगता काही आणलंत, असं लग्नानंतर पहिल्यांदाच,” ती म्हणाली आणि यायला तयार झाली.

सभागृहात खुर्च्या नव्हत्या. बायकोच्या भोवती मंडळाची अकरा आणि परगावची सहा, अशी सतरा यंत्रे उभी राहिली. दंतवैद्याने आपला माइक तिच्या खांद्याजवळ आणला. त्याला शिंक येत होती आणि तो ती निष्ठेने दाबत होता. परगावच्या बायका नवऱ्यांसह आल्या होत्या, पण मूळ आवाज हजर असताना नक्कल कोण करणार? चार वाजून एकोणीस मिनिटे झाली. ड्रमवाल्याने काठी वर धरली.

बायको काही बोलली नाही.

वीस झाली, पंचवीस झाली. सुचवणे नियमात बसत नसल्याने चष्मेवाला नुसता तिच्या पायांकडे बघत राहिला. तिचे पाय ताल धरत होते.

“काय बघताय?” ती म्हणाली. “अहो, बूट काय झकास आहेत! पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही. आणि हे गाणं असं आहे होय? घरी तुम्ही सारखं मागे नेता, पुढचं कधी ऐकूच आलं नाही मला.” मग ती मंचाकडे तोंड करून ओरडली, “वाजवा हो! वाजवा अजून!”

आवाज ओळखीचा होता. बँडने आज्ञा पाळली.

साडेसहाला अध्यक्षांनी उभ्या उभ्या निर्णय दिला, “खूण नवीन आहे. मोजणी पहिल्यापासून.” सोमवारी सकाळी बायकोच्या वर्गावर बदली शिक्षक गेला. दुकानाबाहेर गिऱ्हाइके ताटकळली असून त्यांना पोते दुरून दिसते, पण पोतेच आहे का याविषयी त्यांच्यात एकमत नाही. वादक पाळीपाळीने जेवून येतात. “आता पुरे,” असे म्हणावेसे सभागृहात सर्वांनाच वाटते. पण प्रत्येकाचे यंत्र चालू आहे, आणि आपल्याच प्रतीत आपलाच आवाज कोणालाही नको आहे.

चष्मेवाला घरून जुन्या चपला घालून आला होता. सोमवारी दुपारी त्याच्या पोटऱ्यांना गोळे आले. त्याने एकदा काट्याकडे पाहिले, एकदा बायकोकडे पाहिले. तिचे डोळे मिटलेले होते, मान डोलत होती. इतक्या वर्षांत त्याने ‘वळण’ ऐकणारे माणूस असे जवळून पाहिले नव्हते. त्याने प्रमाण प्रतीवर पाणी सोडले आणि तोंड उघडले.

“अगं, चल ना आता. पाय भरून...”

“श्श!” बायको म्हणाली.

हे दोन्ही आवाज सतराही यंत्रांवर स्वच्छ उतरले आहेत. ड्रमवाल्याने काठी उचलली आहे, पण वाक्य पुरुषाचे, वर अर्धवट. ते धरायचे की नाही याविषयी तो मंडळाच्या निर्णयाची वाट पाहत आहे. मंडळ दोन प्रतींची तुलना करत आहे. हा वृत्तांत छापायला जाईपर्यंत काठी खाली आलेली नाही.

एवढे वाचून ज्यांना “आवरा आता” असे म्हणावेसे वाटत असेल, त्यांनी ते इथे मनात म्हणून उपयोग नाही. सभागृहात येऊन मोठ्याने म्हणावे. दार उघडे आहे. आत येताना मात्र पाय वाजवू नयेत. रेकॉर्डिंग चालू आहे.