हौसाबाईंच्या पिशव्यांनी नाला फत्ते केला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. शके १९२८, व्ययनाम संवत्सरी, भाईंदर पूर्व, मौजे खारी येथील तीन मजली इमारतीत जे युद्ध जाहले, त्याचे वर्तमान पदरचे मीठ न घालता लिहिले असे.

मागील साली आषाढमासी आभाळाने एका दिवसात मुलूख बुडविला. शोध करिता नाल्याच्या जाळीत प्लास्टिकच्या पिशव्यांची फौज दबा धरून बसलेली आढळली. तळमजल्याच्या हौसाबाई, माहेर डोंगरी, सुक्या मासळीच्या व्यापारात नामांकित, यांचे बिऱ्हाड कमरेइतके बुडाले. पुन्हा पाणी शिरले तर खोली सोडून माहेरी जाऊ, असा त्यांचा निर्धार जाहला, म्हणोन सोसायटीचे सेक्रेटरी महिपतराव बहुत कष्टी होते.

मग वैशाखात महिपतरावांनी गच्चीवर दरबार भरवून फर्माविले की, पृथ्वी तापली, पाऊस बिथरला, पन्नास वर्षांत भाईंदर समुद्रात जाईल, सबब पिशव्या बंद. रयतेने माना डोलाविल्या, चहा घेतला, आणि दुसरे दिवशी कोलंबी पिशवीतूनच आणिली. तिसऱ्या मजल्याचे मातबर सरदार जयकुमार यांनी तर जबाब दिला की, आमच्या मजल्यावर पाणी येते कोठे? मग महिपतरावांनी वितळत्या बर्फाची चित्रे जिन्यात लाविली, तो उकाड्यात ती पाहून लोकांस उलट बरेच वाटले. महिपतराव हात टेकून हौसाबाईंकडे मसलतीस गेले.

बाई म्हणाल्या, "भ्यालेला मानूस पाठ फिरवतो, सेक्रेटरी. पन दुसऱ्याचा डबा घरात ऱ्हायला, तर त्याला चैन पडत न्हाय."

मग बाईंनी पुरात डागाळलेली लुगडी फाडून पिशव्या शिवल्या आणि मूठ मूठ सुके बोंबील घालून घरोघर रवाना केल्या. आता शेजारणीची वस्तू रिकामी परत करणे हा कोणत्याही घरास बट्टा. सबब जयकुमारांचे कुटुंब समिधाबाई तीच पिशवी घेऊन बाजारात गेल्या आणि कणसे भरून ती बाईंच्या दारी परत केली. बाईंनी जवळा घालून ती फिरून वर धाडिली. ऐसे येणेजाणे महिनाभर चालले, आणि जो प्लास्टिक घेऊन जिना चढे, त्यासच चोरट्यासारखे वाटू लागले.

आषाढात तीन दिवस धुवांधार कोसळले. हौसाबाईंनी गाठोडे बांधिले. महिपतराव जीव मुठीत धरून दारी उभे, तो खासे जयकुमार गुडघाभर पाण्यात उतरले आणि जाळीतला पालापाचोळा हातांनी उपसू लागले. कोणी विचारिता कळविले की, आमची पिशवी बाईंच्या घरात आहे, सबब ठाणे सोडणार नाही.

पाणी उंबऱ्यापाशी येऊन थबकले, आणि ओसरले. फत्ते जाहली. हौसाबाईंनी गाठोडे सोडून चहा ठेविला. त्यांच्या दारातून आजवर रिकाम्या हाताने कोणी परतले नव्हते. त्या दिवशी पाणी तेवढे परतले.